चार्टर शाळेचा घरमालक कोण, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी जानेवारीत पुण्याहून ॲरिझोनातल्या चँडलरला पाठवतेय. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. ऑफिसातले आधी गेलेले सगळे सांगतात की चार्टर शाळा बघा, दर्जा प्रायव्हेटचा आणि फी शून्य. मग हा पैसा येतो कुठून, त्यात कुणी नफा कमावतं का, आणि घर त्या शाळेजवळच घ्यावं का?

मला इथे अकरा वर्षं झाली. त्याआधी सांगलीत एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप केली होती, तेव्हा दरवर्षी तीन-चार शिक्षणसंस्थांची ऑडिटं वाट्याला यायची. त्यामुळे शाळा म्हटली की माझं लक्ष आधी ताळेबंदाकडे जातं, निकालाकडे नंतर. उत्तर त्याच नजरेने देते आहे, तेवढं समजून घ्या.

चार्टर शाळा प्रायव्हेट नाही. ती सार्वजनिक पैशावर चालते, पण स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) हाताखाली नसते. आपल्याकडची सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे अनुदानित शाळा: संस्था खाजगी, पैसा सरकारी. फरक एवढाच (आणि तो मोठा आहे) की आपल्याकडे सरकार संचमान्यता (पटावरून मंजूर झालेली शिक्षकसंख्या) बघून शिक्षकांचे पगार देतं, आणि इथे मुलामागे ठरलेली रक्कम शाळेच्या हातात पडते. ती पगारावर घालायची, भाड्यावर, की जाहिरातीवर, ते शाळा ठरवते. ॲरिझोनात हा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि आज राज्यातली सार्वजनिक शाळांत जाणारी साधारण पाचातलं एक मूल चार्टरमध्ये आहे. शिकवणी फी घ्यायला बंदी आहे, अर्ज जास्त आले तर लॉटरी काढावी लागते. शिक्षकाकडे राज्याचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे असं मात्र नाही. चार्टर म्हणजे शाळा चालवायच्या परवानगीचा करार, तो एकदा झाला की पंधरा वर्षांचा.

आता नफ्याचं. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा करून नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना चार्टर शाळा चालवायला बंदी घातली. ॲरिझोनात उलट, नफा कमावणारी कंपनी स्वतःच्या नावावर चार्टर घेऊ शकते. पण खरी मेख तिथे नाहीच. बहुतेक शाळा कागदावर नानफा असतात. संस्था नानफा, पण इमारत संस्थापकाच्या कंपनीची, तिचं भाडं शाळा देते. व्यवस्थापनाचं कंत्राट दुसऱ्या कंपनीला, तीही घरातलीच. अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर तिसऱ्याकडून. डिस्ट्रिक्टला टेंडर काढावं लागतं. चार्टरला त्यातून सूट मिळू शकते आणि पुष्कळांनी ती घेतलेली आहे. आणि हे सगळं कायदेशीर. सांगलीत मी हेच पाहिलं होतं, इमारत अध्यक्षांच्या सौभाग्यवतींच्या नावावर आणि संस्था भाडेकरू. जवळजवळ नऊ हजार मैल दूर येऊन तेच व्हाउचर इंग्रजीत वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

एक उदाहरण इथल्या वर्तमानपत्रांत खूप गाजलं. बेंजामिन फ्रँकलिन नावाची चार्टर शाळांची साखळी राज्याच्या विधिमंडळातले एडी फार्न्सवर्थ यांच्या मालकीची होती. २०१८ मध्ये त्यांनी ती एका नानफा संस्थेला विकली आणि त्या व्यवहारात त्यांना सुमारे १ कोटी ३९ लाख डॉलर मिळाले. राज्याच्या चार्टर बोर्डाने हस्तांतराला मंजुरी दिली होती. आमदार, त्याची शाळा आणि शाळेची जमीन हे त्रिकूट आपल्याला नवीन नाही. त्यामुळे ऑफिसातल्या कुणाला याचा धक्का बसलेला मी तरी पाहिला नाही. त्याच वर्षी 'ॲरिझोना रिपब्लिक'ने चार्टर शाळांच्या पैशावर मोठी लेखमाला केली, तिला पत्रकारितेतला पोल्क पुरस्कार मिळाला.

दुसरा प्रकार पटाचा. पैसा डोक्यामागे असला की डोकी वाढतात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली तेव्हा हजेरीपटावरची लाखो मुलं वर्गात सापडली नव्हती, आठवत असेल. ओहायोतल्या ईकॉट या ऑनलाइन चार्टर शाळेचं तेच झालं. २०१५-१६ साठी तिने पंधरा हजारांवर विद्यार्थी दाखवले. राज्याने लॉग-इनच्या नोंदी तपासल्या तर सहा हजारांच्या आसपासच सिद्ध झाले. सहा कोटी डॉलर परत मागितले गेले, आणि जानेवारी २०१८ मध्ये, भर सत्रात, शाळा बंद. सुमारे बारा हजार मुलांनी दुसरी शाळा शोधली. संस्थापकाच्या कंपन्याच त्या शाळेला व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअर पुरवत होत्या, हे वेगळं सांगायला नकोच.

माझा अनुभव लहान आहे. थोरल्याला आम्ही एका चार्टरमध्ये घातलं होतं (नाव सांगत नाही). पहिलं वर्ष छान. दुसऱ्या वर्षी गणिताचे शिक्षक दोनदा बदलले, ग्रंथालय म्हणून एक कपाट होतं, आणि दर महिन्याला 'शिक्षक निधी'साठी ईमेल. शेवटी मी ऑडिट उघडलं. भाड्याचा आकडा बघून आधी वाटलं माझंच वाचण्यात चुकतंय. मागच्या टिपांमध्ये घरमालक कंपनीचं नाव होतं आणि ती संस्थापकांच्या कुटुंबाची आहे असं सरळ लिहिलेलं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं, फक्त कुणी वाचत नव्हतं. बोर्डाच्या बैठकीला गेले. इथे ओपन मीटिंगचा कायदा चार्टरलाही लागू आहे, कुणीही जाऊन बसू शकतं. प्रेक्षकांत मी एकटी. भाडं बाजारभावाशी कसं ताडून पाहिलं एवढं विचारलं. 'नोंद घेतली' म्हणाले. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाला मतदार निवडून देतात, तिथे असं उत्तर दिलं तर पुढच्या निवडणुकीत कुणीतरी ते उगाळतं. इथे बोर्ड संस्थापकाने नेमलेलं. विचारून विचारून कुणाला विचारणार? वर्ष संपल्यावर थोरल्याला डिस्ट्रिक्टच्या शाळेत घातलं.

धाकटी मात्र आजही चार्टरमध्येच आहे, वेगळ्या. तिथलं ऑडिट मी आधी वाचलं, मग अर्ज केला. म्हणून चार्टर नकोच असं माझं म्हणणं नाही.

ऑफिसातले लोक ज्या शाळांबद्दल बोलतात त्यात बेसिस ही चार्टर शाळांची साखळी असणारच. यूएस न्यूज या प्रकाशनाच्या २०१८ च्या अमेरिकेतल्या हायस्कूलांच्या यादीत पहिल्या पाचही शाळा ॲरिझोनातल्या बेसिसच्या होत्या, आणि आपल्या लोकांची तिथे गर्दी आहे. अभ्यास खरोखर कडक आहे. पण पाचवी-सहावीत असलेली तुकडी बारावीपर्यंत बरीच बारीक होते, तेव्हा यादीतला नंबर शेवटपर्यंत टिकलेल्या मुलांचा आहे हे धरून चाला. रचना तिथेही दुहेरी आहे: नानफा संस्थेकडे शाळा, खाजगी कंपनीकडे व्यवस्थापन. संस्थेचा आयकर विभागाकडचा फॉर्म नऊशे नव्वद (नानफा संस्थेचं वार्षिक विवरणपत्र) कुणालाही वाचता येतो, पण कंपनीच्या आत गेलेला पैसा पुढे कसा खर्च झाला ते त्यात दिसत नाही. पालकांकडून देणगीची अपेक्षाही असते. ती ऐच्छिक आहे. नाही दिली तरी मुलाचं काही बिघडत नाही, संकोच तेवढा होतो.

शाळेचं नाव ठरलं की ॲरिझोना स्टेट बोर्ड फॉर चार्टर स्कूल्सच्या साइटवर जा. शाळेचं ऑडिट तिथे मिळतं. आकडे सोडा, आधी शेवटच्या टिपांत 'रिलेटेड पार्टी' (म्हणजे संस्थेच्या घरातल्याच व्यक्ती किंवा कंपन्या) शोधा. मग भाडं आणि व्यवस्थापन शुल्क एकूण खर्चाच्या किती, ते बघा, आणि शेजारी शिकवण्यावरचा खर्च ठेवा. घरमालक संस्थापकच असला म्हणून शाळा वाईट ठरत नाही, पण मग भाडं कुणी ठरवलं हा प्रश्न विचारायला हवा. शाळेच्या फेरफटक्याला गेलात तर प्रिन्सिपॉलना शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात एवढंच विचारा. उत्तर देताना ते कुठे बघतात त्यावरून बरंच कळतं.

जानेवारीचं एक वेगळंच आहे. इथे शाळा जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होते आणि राज्याचा पैसा पहिल्या शंभर दिवसांच्या सरासरी पटावर ठरतो. तुम्ही पोचाल तेव्हा ते शंभर दिवस संपत आलेले असतील. त्यानंतर आलेल्या मुलामागे त्या वर्षी शाळेला जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून चांगल्या चार्टरकडून 'वेटलिस्टवर ठेवतो' हे ऐकायची तयारी ठेवा. डिस्ट्रिक्टला तसं म्हणता येत नाही, हद्दीत राहणाऱ्या मुलाला घ्यावंच लागतं.

आणि म्हणून घर चार्टरजवळ घेऊ नका. ज्या भागातली डिस्ट्रिक्टची शाळा तुम्हाला स्वतःहून चालेल, तिथे घ्या. चँडलर युनिफाइड आणि कायरीन या दोन्ही डिस्ट्रिक्टना आपले लोक नाव ठेवत नाहीत. चार्टर मध्येच बंद पडली, जमली नाही, किंवा मुलीला रोजच्या परीक्षा झेपल्या नाहीत, तर कोपऱ्यावरची शाळा हाताशी असते. शिवाय बऱ्याच चार्टरना बस नसते. मिसेस एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) येणार आणि लायसन्स निघेपर्यंत एकच गाडी असणार, तर दोन मुलांना दोन ठिकाणी सोडून साडेआठला ऑफिस गाठून दाखवा. ऑगस्टमध्ये पिकअपच्या रांगेत एसी लावून चाळीस मिनिटं उभं राहावं लागतं, आणि बाहेर एकशे दहा फॅरनहाइट.

ईएसए नावाचं व्हाउचर (खाजगी शाळा किंवा घरच्या शिक्षणासाठी राज्य पालकांना देतं तो पैसा) २०२२ पासून सगळ्यांना खुलं झालंय, त्याबद्दलही कुणीतरी सांगेल. ते घेतलं की मूल सार्वजनिक शाळेत राहत नाही, चार्टरमध्येसुद्धा नाही. ईएसएच्या करारावर सही करण्याआधी हे वाचा.

पुण्याहून निघताना दोघांची लसीकरणाची कार्डं, जन्मदाखले आणि शाळेची मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं हातातल्या बॅगेत ठेवा, कार्गोत नको. भाडेकराराची प्रत शाळेला पत्त्याचा पुरावा म्हणून लागते, आणि पहिली लीज सहा महिन्यांचीच करा. जूनमध्ये पुन्हा विचार करता येईल. ऑडिट उघडून काही अडलं तर पान पाठवा, संध्याकाळी बघते.