मरणाच्या भीतीने जगण्यातली मजाच गेलीय, काय करू?

भीती घालवायच्या मागे लागू नका, ती नेमकी कशाची आहे ते आधी कागदावर लिहा. साताऱ्यात माहुलीच्या घाटावर अंत्यविधीला मदत करताना माणसं बोलतात; बहुतेकांना मरणापेक्षा नळ्या लावून पडून राहण्याची आणि मागच्यांच्या हालांची धास्ती असते. त्यावर इलाज आहे: मृत्युपत्र, बँक-विम्यात नॉमिनीची नोंद आणि वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल, म्हणजे आपण बोलण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं). हे शेवटचं २०१८ पासून कायदेशीर आहे, २०२३ पासून तर दोन साक्षीदार आणि नोटरी (किंवा राजपत्रित अधिकारी) पुरतात. एवढं उरकलं की कृष्णा-वेण्णेच्या संगमावर बसून कंदी पेढा गोड लागतो, खरंच. मात्र रात्री छाती धडधडून झोपच उडत असेल तर कागदाने भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (टेली-मानस) फोन करा, फुकट आहे.