हाताला जड लागणारा घोडा आणि इतर प्रश्न

अश्वारोहण : वाचकांची पत्रे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘घोडा ऐकत नाही’ अशी तक्रार आहे. ही पत्रे अश्वारोहणातील ड्रेसाज या प्रकाराविषयी आहेत आणि ड्रेसाज या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी तालीम असा आहे. वीस मीटर रुंद आणि चाळीस किंवा साठ मीटर लांब अशा आखलेल्या मैदानात घोडा किती मोकळेपणाने, सरळ आणि तालात चालतो, याला प्रत्येक हालचालीमागे 0 ते 10 असे गुण दिले जातात. त्यामुळे घोडा ऐकत नाही असे वाटते तेव्हा त्याला सांगणे कळले आहे का आणि कळले असल्यास ते करताना त्याला कुठे दुखते आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत, अशी माझी सर्व वाचकांना विनंती आहे. खालील उत्तरे याच दोन प्रश्नांना धरून दिली आहेत.

प्रश्न : माझा सात वर्षांचा घोडा ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) लगामावर रेलतो. तोंड उघडतो, मान पुढे ताणतो आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर माझे दंड भरून येतात. ओळखीच्या एका स्वाराने अधिक कडक बिट (लगामाला जोडलेला, घोड्याच्या तोंडातला धातूचा भाग) लावण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का? (एक वाचक, कराड)

उत्तर : कृपया मानू नये. कडक बिटाने घोडा काही दिवस हाताला हलका लागेल, परंतु तो हलकेपणा वेदना टाळण्यासाठी आलेला असेल आणि मूळ दोष तसाच राहील.

सर्वांत आधी पशुवैद्यांकडून घोड्याचे तोंड तपासून घ्यावे. घोड्याचा वरचा जबडा खालच्या जबड्यापेक्षा रुंद असतो आणि झीज होत जाते तशा त्याच्या दाढा वर सरकत राहतात. परिणामी वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड पुरेशी झिजत नाही. ती धारदार होऊन गालाला आणि जिभेला टोचू लागते. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे वुल्फ टूथ नावाचा एक लहानसा दात असतो आणि बिट नेमके त्याच्या आसपास येते. वर्षातून एकदा दाढा तपासून, गरज असेल तर कानसून घेणे हा स्वारीच्या घोड्याच्या देखभालीचा भाग समजावा. नाकपट्टीखाली दोन बोटे सहज जातात का, हेही पाहावे, कारण उघडणारे तोंड पट्टी आवळून बंद केल्याने घोड्याची तक्रार फक्त आपल्याला दिसेनाशी होते.

हे मी इतके आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. माझ्याकडच्या एका घोडीला डावीकडे वळताना डोके झटकण्याची सवय लागली, तेव्हा मी तिला हट्टी ठरवले आणि जवळजवळ तीन महिने बिटे बदलण्यात घालवले. अखेर तपासणी झाली, तेव्हा तिच्या गालाच्या आतल्या बाजूला जखम निघाली. दाढा कानसल्यानंतर जखम भरली, पण माझ्या हातावर पुन्हा विश्वास ठेवायला तिला त्याहून अधिक काळ लागला आणि त्या काळात मला तिच्याकडून काहीही मागण्याचा अधिकार नव्हता.

तोंड, पाठ आणि खोगीर निर्दोष असल्याची खात्री झाली, की मग स्वारीकडे यावे. लगामावर रेलणारा घोडा बहुधा आपले वजन पुढच्या पायांवर टाकून चालत असतो. त्याचे मागचे पाय शरीराखाली पुरेसे येत नाहीत, म्हणून त्याला पुढे आधार हवा असतो आणि आपला ताठ हात तो आधार पुरवतो. रस्सीखेचीला दोन पक्ष लागतात. आपण दोर सोडला की ओढण्यासारखे काही उरत नाही. याचा अर्थ लगाम एकदम सैल फेकावा असा नाही. हात स्थिर, कोपर मऊ आणि बोटे स्पंजावर मिटल्यासारखी ठेवावीत. घोड्याने ओढले की बोटे मिटावीत आणि तो कणभर जरी मऊ झाला तरी त्याच क्षणी ती उघडावीत.

वीस मीटरच्या वर्तुळावर दहा-बारा पावले ट्रॉट, मग तीन-चार पावले वॉक (साधी चाल), पुन्हा ट्रॉट, असे बदल करत राहावेत. वॉककडे येताना हाताने न ओढता कंबर उंच करून मांड किंचित घट्ट करावी, पोटऱ्या घोड्याच्या अंगाला लागलेल्या ठेवाव्यात आणि लगाम सर्वांत शेवटी, तोही क्षणभरच, रोखावा. हे जमू लागले की खरोखर वॉकमध्ये न येता ‘आता येणार’ अशी नुसती सूचना देऊन लगेच पुढे निघावे. हाफ-हाल्ट म्हणतात तो हाच. मांड, पाय आणि हात यांचा तो एका पावलापुरता मेळ असतो आणि त्यात घोडा मागचे पाय आत घेऊन स्वतःला सावरतो. पंधरा-वीस मिनिटांत असे तीस-चाळीस बदल झाले, तर ते नुसत्या गोल फेऱ्यांपेक्षा कितीतरी उपयुक्त ठरतात.

प्रगती मोजण्यासाठी आतल्या बाजूचा हात दोन-तीन पावले पुढे देऊन लगाम पूर्ण सैल करावा. घोडा त्याच तालात, त्याच वेगाने आणि मान न उचलता चालत राहिला, तर तो स्वतःचे वजन स्वतः वाहतो आहे. तो पळू लागला किंवा पुढे कोसळल्यासारखा झाला, तर अजून काम बाकी आहे. डोके ओढून खाली आणण्याच्या मोहात मात्र पडू नये. दोन कानांमधला माथा हा सर्वांत उंच बिंदू आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे, ही डोक्याची योग्य ठेवण मागच्या पायांचे काम सुधारले की आपोआप येते.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडा घेतला आहे. त्याला आधी वरातीत नाचवायला शिकवलेले होते. ट्रॉट मागितला की तो एक तर रेवाल चालीत जातो किंवा जागच्या जागी पाय आपटू लागतो. हा घोडा ड्रेसाजला निरुपयोगी आहे का? (एक वाचक, विटा)

उत्तर : मुळीच नाही. तो आज्ञाधारक आहे, फक्त त्याला शिकवलेला अर्थ वेगळा आहे. लगाम आवळला आणि टाच लागली, म्हणजे नाचायचे, असे त्याच्या मनात बसलेले आहे आणि आपण अजाणता तीच खूण करत असाल.

चालींचा हिशेब आधी स्पष्ट असावा. वॉकमध्ये चार ठोके असतात. ट्रॉटमध्ये दोन असतात आणि त्यांत कर्णाच्या जोडीचे, म्हणजे डावा पुढचा व उजवा मागचा, असे पाय एकत्र पडतात. कँटरमध्ये, म्हणजे ट्रॉटहून वेगवान, झेपांच्या चालीत, तीन ठोके असतात. रेवाल किंवा आपल्याकडे रवाल म्हणतात ती चाल यांहून निराळी आहे. तीत एका बाजूचे पाय जवळजवळ बरोबर पुढे येतात, म्हणून स्वाराला हिसका बसत नाही. लांबच्या प्रवासासाठी ती फार मोलाची चाल आहे आणि तिला दोष म्हणणे मला पटत नाही. फक्त ड्रेसाजच्या चाचणीत ट्रॉट मागितला असता कर्णाच्या जोड्यांचाच ट्रॉट द्यावा लागतो.

पहिले सहा आठवडे त्याच्या पाठीवर शक्यतो बसू नये. लंजिंगच्या लांब दोरीवर, म्हणजे आपण मध्ये जमिनीवर उभे राहून, मान मोकळी ठेवून, त्याला मोठ्या वर्तुळात फेरावे. नाचणाऱ्या घोड्याची मान वर आणि पाठ खोल गेलेली असते. ती पाठ सैल होऊन वर येईपर्यंत शुद्ध ट्रॉट येणे अवघड आहे. त्यानंतर जमिनीवर चार बल्ल्या साधारण सव्वा मीटर अंतराने ठेवून त्यांवरून ट्रॉटमध्ये न्यावे. अंतर आपल्या घोड्याच्या पावलाप्रमाणे थोडे कमी-जास्त करावे. बल्ल्यांवरून जाताना पाय नीट उचलावे लागतात आणि कर्णाची जोडी आपसूक जुळू लागते. बांबू वापरू नयेत, कारण खूर लागला की ते घरंगळतात. बल्ल्यांपलीकडे शुद्ध ट्रॉटची पाचच पावले मिळाली, तरी तिथेच थांबवून मानेवर थाप द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सहाव्या पावलाची अपेक्षा करावी.

पाठीवर बसाल तेव्हा रायझिंग ट्रॉटच, म्हणजे पावलांच्या तालात खोगिरावर उठत-बसत, करावा आणि लगाम लांब ठेवावा. ढोल-ताशा ऐकून तो नाचू लागला, तर शिक्षा करू नये. शांतपणे वॉकमध्ये पुढे चालत राहावे.

आपण पुढे विचारले आहे की परदेशी जातीच्या घोड्याशिवाय या खेळात पडण्यात अर्थ आहे का. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला यांनी भारताला ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. अश्वारोहणातील भारताचे ते 41 वर्षांनंतरचे सुवर्ण होते. ते चौघे युरोपात शिकले आणि युरोपीय घोड्यांवरच लढले, हे खरे आहे. त्या पातळीवरच्या चालींची झेप मारवाडी घोड्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. परंतु प्राथमिक पातळीच्या चाचण्यांत ताल, सरळपणा आणि शांत स्वीकार यांना गुण मिळतात आणि त्या तिन्ही गोष्टी आपला घोडा देऊ शकतो.

प्रश्न : मी नववीत शिकते. माझी घोडी कँटरमध्ये नेहमी डावा पायच पुढे टाकते. उजव्या बाजूला फिरतानाही ती डाव्या लीडवरच, म्हणजे डावा पाय पुढे टाकूनच, जाते. काय करू? (एक विद्यार्थिनी, वाई)

उत्तर : तू हे ओळखलेस, याचाच मला आनंद आहे, कारण पुष्कळ मोठ्या स्वारांनाही आपला घोडा कोणत्या लीडवर आहे हे खाली वाकून पाहावे लागते.

आधी तिला टणक, सपाट जागेवर कुणाला तरी ट्रॉटमध्ये सरळ पळवायला सांग आणि समोरून पाहा. प्रत्येक दुसऱ्या पावलाला डोके वर झटकले जात असेल, तर जो पुढचा पाय टेकताना डोके वर जाते तो दुखतो आहे, असे समज आणि स्वारी थांबवून पशुवैद्यांना दाखव. नालही पाहा. आपल्या भागातले नालबंद प्रामुख्याने बैलांचे काम करतात. बैलाचा खूर दुभंगलेला असतो म्हणून त्याला दोन वेगळ्या पत्र्या ठोकतात, तर घोड्याच्या अखंड खुराचा तोल हे निराळेच काम आहे. सहा ते आठ आठवड्यांनी घोड्याचे काम जाणणाऱ्या माणसाकडूनच खूर साळून घ्यावेत.

दुखणे नसेल, तर आता स्वतःकडे बघ. शाळेचे दप्तर तू एकाच खांद्यावर घेतेस का? आपली एक बाजू आखडली, की आपण खोगिरावर त्या बाजूला कमरेत दुमडतो आणि वजन दुसरीकडे सरकते. उजवी लीड मागताना तू उजवीकडे वाकून बघत असशील, तर तिचा उजवा खांदा तू स्वतःच दाबून धरते आहेस आणि मोकळा असलेला डावा खांदा ती पुढे टाकते. नजर समोर, दोन्ही बैठकहाडांवर सारखे वजन, एवढ्यानेच काही घोडे सुधारलेले मी पाहिले आहेत.

सरावासाठी उजव्या हाताने फिरताना वीस मीटरचे वर्तुळ हळूहळू पंधरा मीटरपर्यंत लहान कर, मग आतल्या, म्हणजे उजव्या पायाने तिला हलकेच बाहेर ढकलत पुन्हा वीस मीटरवर आण. या बाहेर सरकण्यात तिचा उजवा मागचा पाय पोटाखाली येतो आणि उजवी बाजू वाकायला शिकते. वर्तुळ मोठे होऊन मैदानाच्या भिंतीला टेकते तिथेच डावा पाय तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) थोडा मागे, उजवा पाय तंगाशी ठेवून कँटर माग. चुकीची लीड आली तर ओढू नकोस, रागावू नकोस. ट्रॉटमध्ये ये, ताल सावर आणि पुन्हा माग. योग्य लीड आली की सहा-सात झेपांत थांबव आणि लगाम सोडून चालू दे. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाकाठी चार चांगल्या सुरुवाती पुरेत.

प्रश्न : टाचेचे काटे कधी वापरावेत? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : रायझिंग ट्रॉटमध्ये आपली पोटरी इच्छेविरुद्ध हलत नाही, असे एखाद्या जाणत्या माणसाने जमिनीवरून पाहून सांगेपर्यंत वापरू नयेत.

प्रश्न : आमच्या मैदानाच्या एका बाजूला उसाचे शेत आहे. त्या बाजूला गेले की घोडा कान टवकारतो, पोट बाहेर काढतो आणि आत पळतो. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू झाल्या की तिकडे जाणेच अशक्य होते. (एक वाचक, पलूस)

उत्तर : घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, परंतु सळसळणाऱ्या उसात काय आहे ते मात्र दिसत नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीपासून दूर पळण्यानेच त्याची जात टिकली आहे. म्हणून ही खोड समजून चाबूक लावणे चूक आहे. ऊस दिसला की मार मिळतो, एवढेच तो शिकेल.

त्याचे तोंड उसाकडे वळवून जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. उलट मान किंचित आत, उसापासून दूर वळवावी आणि आतल्या पायाने अंग बाहेर ढकलत न्यावे. शोल्डर-इन ज्याला म्हणतात त्या चालीची ही सौम्य सुरुवात आहे. तिचा उपयोग असा, की घोड्याच्या मनाला करण्यासारखे काम मिळते आणि पळण्यासाठी लागणारा सरळ खांदा त्याच्याजवळ राहत नाही. पहिल्या दिवशी शेतापासून दहा मीटर आत, मग आठ, मग सहा, असे अंतर कमी करावे. जिथे त्याचा श्वास मोकळा होतो आणि तो फुरफुरतो, ती त्या दिवसाची मर्यादा समजावी.

सराव झालेला घोडा किती सोसू शकतो, याची साक्ष आपल्याच भागात आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण फलटण तालुक्यात चांदोबाच्या लिंबाला होते. तिथे टाळ-मृदंगाच्या गजरात, दोन्ही बाजूंना दाटलेल्या वारकऱ्यांमधून अश्व दौडतात. माणसांच्या सहवासात, आवाजात रोज वावरून आलेली ही सवय आहे.

ट्रॉल्यांसाठी हंगामाची वाट पाहू नये. उभ्या, बंद ट्रॅक्टरजवळ घोड्याला हाताने धरून न्यावे, तिथेच चंदी खाऊ घालावी, नंतर इंजिन सुरू करून लांबून दाखवावे. शक्य असेल तर एखाद्या शांत, वयस्क घोड्याला पुढे घालावे. पावसाळ्यात त्या बाजूची काळी माती निसरडी होत असेल, तर हा सराव तिथे करू नये. घाबरलेला घोडा एकदा घसरून पडला, तर आधी कमावलेले सगळे जाते. मुरमाच्या पायावर दोन-तीन इंच वाळूचा थर असलेली पट्टी त्या कडेला करून घेता आली, तर ऑक्टोबरपूर्वी करून घ्यावी.