मिस्त्रींना विचारा: ट्रकमध्ये बायोडिझेल चालेल का?

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. लासलगावहून वाशीला कांद्याचे लोड नेतो. एक दहा चाकी २०१३ची, दुसरी २०२२ची बीएस-६. हायवेला एक जण टँकरमधून ‘बायोडिझेल’ देतो, डिझेलपेक्षा बरंच स्वस्त. भावाच्या हॉटेलातलं तळणाचं तेलही पडून असतं. धाकटा म्हणतो, ते गाळून टाकीत ओतू. काय करावं?
– एक वाहतूकदार, निफाड तालुका

उत्तर : आधी टँकरवाल्याचं. तो विकतो ते बायोडिझेल आहे कशावरून? २०२१मध्ये गुजरातेत अशा पंपांवर सरकारने धाडी घातल्या, तेव्हा बायोडिझेलच्या नावाखाली कारखान्यांत वापरायची तेलं सापडली. किरकोळ विक्रीला २०१९पासून नोंदणी लागते. त्याला दोनच गोष्टी मागा: पक्कं बिल आणि आयएस १५६०७चा, म्हणजे बायोडिझेलच्या भारतीय मानकाचा, लॅब रिपोर्ट. ‘अहो शेठ, सगळेच घेतात,’ असं उत्तर आलं, की गाडी पुढे काढा.

आता खरं बायोडिझेल. तेलात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा घालून त्यातलं ग्लिसरीन वेगळं केलं, मग धुऊन-सुकवून पाणी काढलं, की ते तयार होतं. जुन्या दहा चाकीत वीस टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाला माझी हरकत नाही. फक्त ते टाकीतला वर्षांचा गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरवर येतो. म्हणून आधी टाकी उतरवून धुवा आणि सुरुवातीला एक फिल्टर गाडीत जास्तीचा ठेवा. कसाऱ्याच्या चढात पिकअप गेला, तर नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) खोलायच्या आधी फिल्टर बघा. रबरी पाइपही तपासा. जुनं रबर यात फुगतं, मऊ पडतं, आणि मग पंप हवा धरतो. ॲव्हरेजची चिंता नको. शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे साधारण आठ टक्के ताकद कमी असते, वीस टक्के मिश्रणात हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

थंडीचं मात्र तुमच्याकडे जपायलाच हवं. पामतेलापासून केलेलं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं आणि निफाडात जानेवारीत पारा पाच-सहावर येतो. पहाटे लोड भरून गाडी चालूच होत नाही, ड्रायव्हर बॅटरीला शिव्या घालतो, आणि फिल्टरमध्ये मेण बसलेलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधं डिझेलच घाला. गाडी उभी राहणार असेल, तर टाकीत मिश्रण ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या पाण्यात शेवाळासारखा चिकटा धरतो.

बीएस-६ गाडीत असले प्रयोग नकोत. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ करताना बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल मारलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. साधं डिझेल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं, बायोडिझेल तिथेच राहतं आणि ऑइल पातळ होतं. शिवाय नीट न धुतलेल्या मालातला सोडियम-पोटॅशियम पुढचा कॅटॅलिस्ट, म्हणजे धूर साफ करणारा भाग, मारतो. आपल्या डिझेलच्या मानकात सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहेच, तेवढं पुरे. त्यापुढे जायचं तर कंपनीच्या पुस्तकात तसं छापलेलं हवं. डीलरच्या तोंडी शब्दावर वॉरंटी टिकत नाही.

राहिलं तळणाचं तेल. धाकट्याला सांगा, कितीही बारीक फडक्यातून गाळलं तरी ते तेलच. डिझेलच्या दहापट घट्ट. जुनी गाडी त्यावर सुरू होईल, चार दिवस भज्यांचा वास मारत पळेलही, आणि तिथेच माणूस फसतो. नोझलची फवारणी बिघडते, कार्बन धरतो, रिंगा चिकटतात, इंजिन ऑइल खिरीसारखं होतं. लोक म्हणतात, १९००च्या पॅरिस प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेलचं इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं. चाललं होतं, खरं आहे. पण त्याला कॉमन रेल (प्रचंड दाबाने डिझेल फवारणारी आजची नाजूक यंत्रणा) नव्हती आणि वाशी मार्केटची वेळ गाठायची नव्हती.

घरी मिथेनॉल आणून बायोडिझेल करायचा विचारही नको. ते विषारी आहे, पेट घेतं आणि त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. भावाचं तेल अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘रुको’ योजनेत नोंदलेल्या गोळा करणाऱ्याला द्या. पैसे मिळतात. कॅनमध्ये पाणी शिरू देऊ नका, नाहीतर भाव पाडून मागतात.