वाचक विचारतात : सावरलेल्यांशी बोलताना

प्रश्न : आत्महत्येच्या प्रयत्नातून सावरलेल्यांच्या मुलाखती खानापूर तालुक्यात घ्यायच्या आहेत. काय जपावं? – एम.एस.डब्ल्यू.ची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नीती तपासणाऱ्या समितीची मंजुरी. संमतिपत्र मराठीत वाचून दाखवा. कन्नड छापील कागदावर नुसती सही नको. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही महिने जास्त जोखमीचे, तेव्हा मुलाखत टाळाच.

जागा घराबाहेरची हवी. सोप्यात सासू शेंगा फोडत बसली असेल, तर सून खरं बोलणार नाही. ‘कसं केलंस?’ कधीच विचारू नका. ‘पहिल्या आठवड्यात जवळ कोण असायचं? गोळ्या कोण द्यायचं? झोप कधी लागायला लागली?’ असं विचारा. ‘आता तसे विचार येतात का?’ हे मात्र थेट विचारायचं. त्यानं विचार बळावत नाहीत. ‘हो’ आलं की रेकॉर्डर बंद, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि तिथूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

पोलिसांची धास्ती असतेच. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगा : उलट सिद्ध झालं नाही, तर व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरतात, खटला नाही, शिक्षा नाही.

लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘नवरा गोव्याला कामाला, दोन मुली’ एवढ्यावर लहान गावात बाई ओळखली जाते.