राउटरचा पासवर्ड बदलला आणि आता आतच जाता येत नाही: रिसेट मारायच्या आधी हे बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की काल रात्री मोबाईलवरून राउटरचा ॲडमिन पासवर्ड (वायफायचा नाही, सेटिंगच्या पानावर जायचा) बदलला, वायफाय सगळ्यांचं चालू आहे पण सेटिंगच्या पानावर जुना पण चालेना आणि नवा पण, आणि इंदिरानगरचा तुमचा केबलवाला सोमवारशिवाय फिरकणार नाही. तर सगळ्यात आधी, ते मागचं रिसेटचं (म्हणजे सगळ्या सेटिंग पुसून राउटर नव्यासारखा करायचं) बारीक भोक आहे ना, त्यात पिन घालू नका, आज तर अजिबात नको. नेट चालू आहे म्हणजे घाई कशाचीच नाही.

पासवर्ड बदललात ते चांगलंच केलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीकडून आलेलेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते, त्यामुळे कोणी म्हणालं की कशाला हात लावायला गेलात तर मनावर घेऊ नका.

आता मोबाईलवरून बदलला म्हणताय तिथेच मला शंका येते. मोबाईलचा कीबोर्ड कधीकधी पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, सुचवलेला शब्द निवडला तर शेवटी एक स्पेस टाकून देऊ शकतो आणि पासवर्डच्या ठिपक्यांमध्ये ती स्पेस लक्षातच येत नाही. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आकडे पण देवनागरीत जाऊ शकतात. म्हणून नवा पासवर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करून बघा, मग शेवटी एक स्पेस देऊन बघा. दुसरं म्हणजे लांबी, काही जुने राउटर लांब पासवर्ड मुकाट्याने घेतात पण ठेवताना पहिली १५ किंवा १६ अक्षरंच ठेवतात, तेव्हा तुमचा मोठा असेल तर तेवढीच टाकून बघा. अँड (&), टक्का (%), अधिक (+), अवतरण (") असली चिन्हं वापरली असतील तर तिथे पण गडबड होते, पण ती बाहेरून सुधारता येत नाही.

हे सगळं लॅपटॉपवर करा, जमलं तर लॅन केबल लावून, आणि ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडून, कारण नेहमीच्या विंडोत ब्राउझर जुना पासवर्ड स्वतःच भरतो आणि आपल्याला वाटतं आपण नवा टाकला. सेटिंगच्या पानाचा पत्ता बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, इंग्रजी आकड्यांत टाका, नक्की कोणता ते राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. आणि धडाधड टाकत बसू नका, बरेच राउटर काही वेळा चुकलं की थोडा वेळ लॉगिनच बंद करतात, मग बरोबर पासवर्ड पण चुकीचा दाखवतात. दोन-तीनदा झालं की थांबा, राउटर बंद करून चालू करा आणि मग पुढचा.

एवढं करून नाहीच उघडलं तर रिसेट, पण त्याआधी केबलवाल्याकडून व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी मागून घ्या. पीपीपीओईचं (नेट जोडायला राउटर वापरतो त्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन आयडी (नेटच्या जोडणीचा एक नंबर) लागत असेल तर तो, आणि नेट ठरावीक मॅक ॲड्रेसला (म्हणजे राउटरच्या ओळख क्रमांकाला) बांधलंय का. रिसेटमध्ये राउटरमधलं हे सगळं पुसलं जातं. लोकल केबलवाले बऱ्याचदा जुन्या राउटरचा मॅक नव्यात कॉपी करून देतात, तोही जातो, मग बाकी सगळं बरोबर भरलं तरी नेट येत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. फायबरची वायर थेट याच बॉक्समध्ये जात असेल तर केबलवाल्याला विचारल्याशिवाय रिसेट करूच नका, त्यात कंपनीने टाकलेल्या सेटिंगही असतात. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर भीती कमी, पण मग डब्याला हात लावायचा नाही, फक्त राउटर.

रिसेट चालू वीजेवर करायचं, पिन साधारण १० सेकंद दाबून धरायची, सगळे दिवे एकदम लुकलुकले की सोडायची. आत्ता नाशकात पाऊस आहे आणि लाईट ये-जा करतेय, इन्व्हर्टर नसेल तर जरा स्थिर होऊ दे. मग स्टिकरवरच्या पासवर्डने आत जा, लगेच नवा टाका, यावेळी आधी कागदावर लिहून आणि मग त्यावरून टाइप करून. वायफायचं नाव आणि पासवर्ड मात्र अगदी पहिलेच ठेवा, म्हणजे टीव्ही, कॅमेरा, मुलांचे मोबाईल सगळे आपोआप जोडले जातील. सेटिंगची बॅकअप फाईल ठेवली असेल तर पासवर्ड बदलल्यानंतरची चढवू नका, बऱ्याच राउटरमध्ये तिच्याबरोबर तोच अडलेला पासवर्ड परत येतो.

मॉडेल कोणतं ते सांगा, म्हणजे नेमकं सांगता येईल. स्टिकरचा फोटो टाकलात तर सिरीयल नंबर, मॅक आणि पासवर्ड झाकून टाका.