तंग सैल होता, मग संमतिपत्राचं काय?

प्रश्न: मी मुलांना घोड्यावरून, तट्टावरून फिरवण्याचा व्यवसाय करतो. गेल्या महिन्यात खोगीर कलंडून आठ वर्षांची मुलगी पडली, हात मोडला. पालक उपचाराचा खर्च मागतात. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या कागदावर त्यांची सही आहे. घोड्यांचा विमा आहे, पण कंपनीने नकार दिला. मी काय करू?

उत्तर: आधी मुलीची विचारपूस करा. तेवढ्यानं कायद्यात तुमची बाजू पडत नाही. मात्र ‘चूक आमचीच, सगळं भरून देतो’ असं लेखी देऊ नका. कंपनीला न विचारता दिलेली कबुली, दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या बहुतेक दायित्व-पॉलिसींच्या अटींत बसत नाही.

कंपनीचा नकार बरोबर दिसतो. घोड्याचा विमा घोडा दगावला तर पैसे देतो. स्वाराच्या इजेसाठी दायित्वाचा, म्हणजे लायबिलिटीचा विमा वेगळा लागतो. जागेची किंवा व्यवसायाची दुसरी एखादी पॉलिसी असेल तर आजच काढून वाचा. घोडेस्वारी त्यात वगळलेली असू शकते, तरी अपघात लेखी कळवा. उशीर हे नकाराचं आयतं कारण ठरतं.

आता संमतिपत्र. घोडा बुजतो, अडखळतो; हा धोका पालकांनी पत्करला, असं म्हणता येईल. तुमच्या निष्काळजीपणाला त्यांनी संमती दिलेली नाही. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पुष्कळ घोडे पोट फुगवतात आणि चार पावलं चालले की पट्टा सैल पडतो. म्हणून मूल बसवण्याआधी तो पुन्हा तपासायचा असतो. त्या दिवशी तो तपासला का, हाच खरा प्रश्न आहे. मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाला, आठवतंय तोवर त्याच्याकडून सगळं लिहून घ्या. ते खोगीर आणि तंग दुरुस्त न करता, आहेत तसे बाजूला ठेवा.

शिवाय मुलगी कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे. आईवडिलांच्या सहीनं तिचा स्वतःचा हक्क बुडतो असं अनेक कायदेपद्धती मानत नाहीत, आणि दाव्याची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजली जाऊ शकते. त्यामुळे पालकांशी तडजोड केलीत तरी ती वकिलामार्फत करा. काही ठिकाणी न्यायालयाची मंजुरीही लागते. चूक तुमच्या माणसाची निघाली तर खर्च रास्तपणे द्यावा, असंच माझं मत आहे.

नवी पॉलिसी या अपघाताला लागू होणार नाही, पण ती घ्याच. घेताना विचारा: अपघात पॉलिसीच्या काळात घडला की पुरे, की दावाही त्याच काळात यायला हवा? मुलांच्या व्यवसायात पहिला प्रकार घ्या, कारण दावा दहा वर्षांनीही येऊ शकतो. भाड्यानं आणलेला घोडा, रोजंदारीचा मोतद्दार आणि तुमच्या जागेबाहेरची फेरी यांचा उल्लेख पॉलिसीत हवा. हेल्मेटची अट असेल तर ती प्रत्येक फेरीला पाळावी लागेल. प्रस्तावपत्रात, म्हणजे विम्याच्या अर्जात, हा अपघात लिहा, कोणत्या घोड्यानं पूर्वी चावा घेतला असेल तर तेही लिहा. हप्ता वाढेल. लपवलंत तर ऐन दाव्याच्या वेळी पॉलिसी रद्द होऊ शकते.