‘तोंड उघडत नाही, आणि म्हणे वकील व्हायचंय!’

बारावीचा निकाल लागला की ही काळजी घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतातच. मुलाला किंवा मुलीला कायद्याकडे जायचंय, पण स्वभाव बुजरा. चारचौघांत बोलत नाही, भांडण तर दूरच. मग कोर्टात उभं कसं राहणार? पुढची हकिकत अशा अनेक बैठकींतून एकत्र केलेली आहे. नाव बदललं आहे.

वैशाली गडहिंग्लज भागातली. कला शाखा, मराठी माध्यम. सोबत वडील. “मॅडम, पावणं आलं की आत पळत्या ही. बँकेच्या परीक्षा देऊ दे, वकिली हिच्या बसची न्हाई.”

मी वैशालीलाच विचारलं, “वकील काय काम करतो गं?”

“बोलतो. जोरात.”

हे उत्तर टीव्हीवरून आलेलं. अशा वेळी कल चाचणी घेण्याचा आग्रह होतो, पण माझा त्यावर फारसा भरवसा नाही. मूल स्वतःबद्दल जे मानतं तेच चाचणीत उतरतं. त्यापेक्षा त्या पेशातलं खरं काम थोडंसं हातात द्यावं आणि बघावं.

तिला तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मागच्या बाकावर बसायला सांगितलं. काही बंद दाराआडची प्रकरणं सोडली तर कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, फक्त मोबाइल बंद ठेवायचा. वहीत दोनच गोष्टी टिपायच्या: वकील काय बोलला आणि त्याच्या हातात कोणता कागद होता.

“निम्म्यांनी नुसती पुढची तारीख मागितली,” ती वही बघून सांगू लागली. “एकांनी वकीलपत्र दिलं. एका दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल झाली. एक वकीलबाई उलटतपास घेत होत्या, पण त्यांचा आवाज मागं ऐकूच येत नव्हता.”

“आणि साक्षीदार?”

“घामेजला होता.”

पुढच्या बैठकीत तिच्यापुढे एक खरेदीखत आणि त्याच गटाचा सातबारा ठेवला. नावं खोडलेली होती. काही खटकतंय का बघ, एवढंच म्हटलं. वडील शेजारी चुळबुळत होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “दस्तात दोन एकर दहा गुंठे लिहिलंय. सातबाऱ्यावर 81 आर आहे.”

“81 आर म्हंजे दोन एकर,” वडील म्हणाले. “वरचं पोटखराबा आसंल, न पिकणारी जमीन.”

“नाही बाबा. पोटखराबा धरूनच एकूण 81 आहे. हे दहा गुंठे आले कुठनं?”

वडिलांनी कागद ओढून घेतला, बोटांवर हिशोब केला आणि गप्प बसले. वैशाली त्यांच्याकडे सरळ बघत होती. पाहुणे आले की आत पळणारी मुलगी बापाचं म्हणणं खोडत होती, तेही आवाज न चढवता. बुजऱ्या मुलांना बोलण्याची भीती असते असं आपण धरून चालतो. मला वर्षानुवर्षं दिसतं ते वेगळं: हातात आधार नसताना बोलायला लावलं की ती मिटतात. कागद वाचून पक्का झाला की प्रश्न आपोआप बाहेर पडतो, आणि उलटतपास बराचसा असाच, आधी टेबलावर तयार होतो.

मग वडिलांनी रस्ता विचारला. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींच्या राज्य सीईटी वेगळ्या आहेत. फॉर्म भरताना मुलं चुकीची सीईटी निवडतात, तिकडे लक्ष ठेवा. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची ‘क्लॅट’ मात्र इंग्रजीतच असते: 120 प्रश्न, 120 मिनिटं, चुकल्यास पाव गुण वजा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत खुल्या गटाला 45 टक्के, ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40 लागतात. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे ना, हे फी भरण्याआधी बघा. दूरशिक्षणानं मिळवलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही.

सनदेसाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. 30 जुलै 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या गटाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये, त्याहून जास्त घेता येत नाही. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा. तिच्यात खुल्या आणि ओबीसी गटाला 45 टक्के लागतात.

“आणि पैका कवा?”

इथे मी गोड बोलत नाही. सुरुवातीची वर्षं हात आखडताच असतो. ज्युनिअरला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. पदवीनंतर लगेच न्यायाधीश होण्याचा बेत असेल तर मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही वाचा. त्यात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे.

मराठी माध्यमाची धास्तीही निम्मी खरी. उच्च न्यायालयात इंग्रजीशिवाय चालत नाही, आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्यानं ते काम आता दाराशी आलं आहे. पण तालुका-जिल्हा न्यायालयांत दावे, कैफियती, जबाब मोठ्या प्रमाणावर मराठीतच असतात. तिथं फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल), हक्कसोड, वाटणीपत्र नीट वाचणारा माणूस लागतो. टायटल सर्च (मालकीच्या कागदांची तपासणी), दस्तलेखन, बँकेतला विधी अधिकारी ही कामं तर बोलघेवड्यांची नाहीतच.

कॉलेजात मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा लुटुपुटूचा खटला, चुकत नाही. बुजऱ्या मुलांनी स्पर्धेच्या संघात आधी संशोधकाची जागा मागावी. तिथं दोघं बोलतात आणि तिसरा निकाल शोधून मुद्दे बांधतो. वर्षभर हे केलं की बोलणाऱ्याच्या कोणत्या वाक्याला आधार नाही ते ऐकू यायला लागतं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप असते. ती एकाच मोठ्या नावाकडे न घालवता काही आठवडे दिवाणी वकिलाकडे, काही फौजदारीकडे, काही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात काढावी.

वैशालीनं सीईटी दिली. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत गावी आली की भावकीतले लोक फेरफाराच्या नोटिसा घेऊन तिच्याकडे येतात. सनद मिळेपर्यंत सल्ल्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि कुणाच्या वतीनं सही करायची नाही, एवढं मात्र मी तिला बजावलं आहे.